चांगलं गिऱ्हाईक कोणाला म्हणायचं? गिरणगावच्या खाणावळीपासून शेगावच्या फलाटापर्यंत



पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, "दादा, संशोधनाचा विषय नेमका मिळतो कुठं?" मी म्हटलं, "माझा हॉटेलात मिळाला." त्याला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. म्हणून ही पोस्ट.

माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. पीएचडीचा विषय आहे रांगा, म्हणजे छोट्या खाण्याच्या ठिकाणी माणसं किती वेळ थांबतात, का थांबतात आणि ते कमी कसं करता येईल. पहिल्या वर्षी फिल्डवर्कसाठी मी आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो. वेळ दुपारी एकची, बाजाराचा दिवस. हातात प्रश्नावली. टेबलाशी बसलो, चुटकी वाजवली आणि वाढप्याला म्हणालो, "ए, जरा इकडे ये, दोन मिनिटं काम आहे." तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. दोन्ही हातांत ताटं घेऊन तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमी जेवाले आले का इचाराले आले? जेवाले आले असान तं बसा. इचाराले आले असान तं तीन वाजता या."

आजूबाजूची चार माणसं हसली. मी जेवलो, पैसे दिले आणि एकही फॉर्म न भरता परत आलो.

त्या रात्री राग त्याच्यावर आला होता, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी स्वतःवर आला. माझे वडील तरुणपणी पाच वर्षं मुंबईत एका हॉटेलात वाढपी होते. लहानपणी आम्ही कुठे जेवायला गेलो की ते एकच सांगायचे, "ताटावर ताट रचू नको. त्याला उचलायची त्याची पद्धत असते. फक्त बाजूला सरकव." आम्हाला वाटायचं, रचून ठेवलं म्हणजे मदत केली. ते म्हणायचे, मदत कशाला म्हणायचं ते काम करणाऱ्याला विचारावं. संशोधन करायला निघालेला मी हेच विसरलो होतो.

आपल्याकडे सगळे म्हणतात, नीट बोललं की नीट मिळतं. चांगलं गिऱ्हाईक व्हा, चांगली सेवा मिळेल. वाक्य म्हणून छान आहे. पण संशोधक म्हणून याच्याकडे गृहीतक म्हणून बघावं लागतं. आणि गृहीतक तपासण्याआधी शब्द तपासावे लागतात. "चांगलं गिऱ्हाईक" म्हणजे कोण? हा अर्थ कायम तोच होता का? नव्हता. तो कसा कसा बदलला ते बघू.

खाणावळ : ओळखीचं गिऱ्हाईक

तुमच्यातले बरेच जण मेसवर जेवत असतील. तुम्ही तिथले "मेंबर" असता, गिऱ्हाईक नाही. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी "खाडा" सांगता. न सांगता गेलात तर तुमच्या पोळ्या वाया जातात आणि पैसेही कापले जातात. ही सगळी भाषा खाणावळीची आहे.

या भाषेमागे मोठा इतिहास आहे मुंबईच्या गिरणगावात. परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून गिरणीत काम करायचे. एका खोलीत अनेक जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना जेवण कोण देणार? चाळीतल्याच बायका. एकेक बाई काही मेंबरांचं दोन वेळचं जेवण करायची आणि पैसे महिन्याने, पगार झाला की मिळायचे.

हा व्यवहार नीट बघा. बाई वाण्याकडून धान्य उधार आणते. मेंबर महिनाभर उधार जेवतो. पगाराच्या दिवशी मेंबरने पैसे दिले तर बाई वाण्याला देते. एका मेंबरने टाळाटाळ केली तर तिला सावकाराकडे जावं लागतं, आणि तिथलं व्याज जबर. म्हणजे या साखळीत "चांगलं गिऱ्हाईक" गोड बोलणारा माणूस नव्हे. पगाराच्या दिवशी सरळ खाणावळीत येणारा आणि खाडा वेळेवर सांगणारा, तो चांगला. गोड बोलून दोन महिने थकवणारा वाईट.

आता गंमत पुढे आहे. १९७४ च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा संप झाला, ४२ दिवस चालला. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत. तरीही अनेक बायकांनी मेंबरांना जेवू घातलं. काहींनी त्यासाठी दागिने गहाण टाकले. इथे आपलं गृहीतक उलटं झालं बघा. गिऱ्हाईक चांगलं वागलं म्हणून सेवा मिळाली असं झालं नाही. गिऱ्हाईक काहीच देऊ शकत नव्हतं तेव्हा सेवा मिळाली, आणि तिची किंमत वाढणारीने चुकवली.

कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. संपासाठी झटणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या प्रश्नाला संघटना नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मंडळाने या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे सावकाराची गरज उरली नाही. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते : खाणावळवालीची अडचण गिऱ्हाइकांना सौजन्य शिकवून सुटली नाही. ती कर्ज आणि संघटना यांनी सुटू लागली. सौजन्य हवंच, पण ते व्यवस्थेला पर्याय नाही.

ज्यांना हा काळ अभ्यासायचा आहे त्यांनी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं गिरणगावावरचं पुस्तक जरूर वाचावं. शंभरेक माणसांच्या तोंडून सांगितलेला इतिहास आहे, आणि तो मराठीतही आला आहे. मौखिक इतिहास म्हणजे काय हे त्यातून कळतं.

हॉटेल : अनोळखी गिऱ्हाईक

खाणावळीत सगळे एकमेकांना ओळखतात. हॉटेलात कोणी कोणाला ओळखत नाही. (आपण मराठीत साध्या चहाच्या दुकानालाही हॉटेल म्हणतो, त्याच अर्थाने मी शब्द वापरतोय.) हा अनोळखी माणूस आपल्या वऱ्हाडात मोठ्या संख्येने आणला तो रेल्वेने आणि कापसाने. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर फक्त खामगावच्या कापसासाठी जलंब–खामगाव असा छोटा फाटा टाकला. व्यापारी, दलाल, हमाल, कारकून, सगळे फिरू लागले. फिरणाऱ्या माणसाला बाहेर खावं लागतं.

आणि इथे आपल्या समाजाची अडचण झाली. बाहेर खायचं म्हणजे कोणी शिजवलेलं? कोणाच्या शेजारी बसून? ब्रिटिश काळात रेल्वे स्टेशनांवर "हिंदू पाणी" आणि "मुस्लिम पाणी" वेगळं मिळायचं. दलितांना तर कित्येक हॉटेलांत आत यायलाच मनाई. आलेच तर वेगळी कपबशी, बाहेर ठेवलेली, आणि ती त्यांनीच धुवायची. म्हणजे पैसे मोजूनही ज्याला गिऱ्हाईक म्हणून मोजत नव्हते, असा मोठा समाज होता. त्याला जाऊन सांगा, "नीट वागा, चांगली सेवा मिळेल." वाक्य किती पोकळ आहे ते लगेच कळतं.

गिऱ्हाइकाच्या वागण्याने खरोखर काही बदललं असं एक उदाहरण मात्र महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरचं. छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे दलित समाजातले सेवक होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं "सत्यसुधारक". हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. पण गिऱ्हाईक फिरकेना. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार?

महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी हुकूम काढला नाही. ते स्वतः गिऱ्हाईक झाले. गाडी हॉटेलासमोर थांबवायची, रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा चहा मागवायचा, प्यायचा आणि बरोबरच्या सवर्ण सरदारांनाही प्यायला लावायचा.

यात विचार करण्यासारखं बरंच आहे. महाराजांनी चहा राजवाड्यावर मागवला असता तर गंगारामांना पैसे मिळाले असते, मान मिळाला नसता. त्यांनी तो रस्त्यावर, लोकांदेखत प्यायला. गिऱ्हाईक होणं ही सार्वजनिक कृती आहे हे त्यांनी ओळखलं होतं. आणि हेही विसरू नका की हे करणारा माणूस राजा होता. त्याच्या शेजारी बसून "नको" म्हणायची कोणाची टाप नव्हती. एका सामान्य गिऱ्हाइकाच्या सौजन्याने हे झालं नसतं.

म्हणूनच पुढे ते कायद्यात यावं लागलं. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं. आज आपण कुठल्याही हॉटेलात बिनधास्त शिरून बसतो, त्या बसण्यामागे हा इतिहास आहे.

फलाट : घाईतलं गिऱ्हाईक

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. मुंबई–हावडा मार्गावरून जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना शेगाव म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, गजानन महाराज आणि कचोरी.

फलाटावरच्या गिऱ्हाइकाचं वैशिष्ट्य काय? वेळ नाही. गाडी दोन-चार मिनिटं थांबणार. खिडकीतून हात बाहेर. इथे चांगलं गिऱ्हाईक म्हणजे सुटे पैसे आधीच हातात धरलेलं आणि किती पाहिजेत ते एका दमात सांगणारं. "दोन द्या... नाही, थांबा, ए, तू खाणार का? बरं तीन द्या... पाचशेचे सुटे आहेत का?" असं म्हणणारा माणूस कितीही गोड हसला तरी त्याच्या मागचे चार हात उपाशी राहतात.

माझा अभ्यास इथेच सुरू होतो. रांगांचं गणित १९०९ मध्ये डेन्मार्कच्या एर्लांग या अभियंत्याने टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं. ते कचोरीच्या काउंटरलाही चालतं. समजा तासाला सरासरी १०० गिऱ्हाइकं येतात आणि विकणारा एक माणूस एकाला सरासरी ३० सेकंदांत मोकळं करतो, म्हणजे त्याची क्षमता तासाला १२०. सगळ्यात साध्या मॉडेलनुसार रांगेत शिरल्यापासून कचोरी हातात पडेपर्यंत सरासरी ३ मिनिटं लागतात. आता प्रत्येकाने फक्त ४ सेकंद जास्त घेतले, सुटे शोधायला किंवा विचार करायला. ३४ सेकंद. सरासरी वेळ होतो १० मिनिटांच्या वर. ३६ सेकंद घेतले तर रांग वाढतच जाते, संपतच नाही.

चार सेकंदांचा हा हिशोब पहिल्यांदा सोडवला तेव्हा मी तीनदा तपासला होता. तुम्हीही तपासा. यातून काय कळतं? गर्दीच्या ठिकाणी सौजन्य म्हणजे भावना नव्हे, ते सेकंदांत मोजता येतं. आणि त्याचा फायदा तुम्हाला थोडा आणि तुमच्या मागच्या सगळ्यांना जास्त होतो. स्वतःला चांगली सेवा मिळावी म्हणून चांगलं वागा, हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो.

गल्ल्यामागची गोष्ट

गिऱ्हाइकाला जे दिसत नाही तेही सांगतो. १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. वाढणाऱ्या मुली कामाच्या वेळी रडायच्या, ते का, हा त्याचा एक प्रश्न होता. उत्तर शोधताना त्याला दिसलं की ताण फक्त गिऱ्हाइकाचा नाही. बाहेरून गिऱ्हाईक घाई करतं, ती आत जाऊन आचाऱ्याला घाई करते, आचाऱ्याला तिने हुकूम दिलेला आवडत नाही, तो मुद्दाम उशीर करतो. मधल्यामध्ये ती चेंगरते.

काही ठिकाणी यावर साधा उपाय होता. ऑर्डरची चिठ्ठी एका खिळ्याला किंवा फिरत्या चकतीला लावायची, आचारी क्रमाने काढून घेणार. तोंडाने सांगणं बंद. भांडणं कमी झाली. आपल्याकडचं कुपन आणि टोकन तेच काम करतं.

म्हणजे तुमची भाजी उशिरा आली तर वाढप्यावर ओरडून उपयोग नाही, तो बहुतेक वेळा उशिराचा निरोप्या असतो, कारण नसतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये यापुढची गोष्ट मांडली : अशा नोकऱ्यांत हसणं हाही कामाचा भाग असतो, आणि त्याने माणूस थकतो. त्याला भावनिक श्रम म्हणतात. तेव्हा "तो हसला नाही" ही तक्रार करण्याआधी त्याची पाळी किती तासांची झाली असेल, याचा अंदाज घ्यावा.

जिथे गिऱ्हाईकच नाही

शेगावातच आणखी एक जागा आहे, आणि तुलनेसाठी ती मला फार मोलाची वाटते. १९०८ मध्ये स्थापन झालेलं गजानन महाराज संस्थान. तिथे वाढणारे, झाडणारे, रांग लावणारे सेवाधारी पगार घेत नाहीत. आपापल्या गावाहून पाळीपाळीने येतात आणि सेवा करून परत जातात. जेवणाऱ्याला "माऊली" म्हणतात. पानात टाकू नये हे तिथे कोणाला फारसं सांगावं लागत नाही. महाराज १८७८ मध्ये पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, ही कथा तिथे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

मी तिथे पाहिलं की बाहेर हॉटेलात "ए" म्हणणारा माणूस आत पंगतीत "माऊली, थोडंच वाढा" म्हणतो. माणूस तोच. मग बदललं काय? वाढणाऱ्याबद्दलची समजूत बदलली. बाहेर आपल्याला वाटतं, पैसे दिले म्हणजे माणूस विकत घेतला. आत तसं वाटायला जागाच नाही. माझं हे निरीक्षण आहे, निष्कर्ष नाही. पण सौजन्य हा स्वभाव असतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे बघावं.

तीन वाजता

तर मी त्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात परत गेलो. तीन वाजता. प्रश्नावली पिशवीतच ठेवली. काका जेवत होते, त्यांचं जेवण तेव्हा होतं. मी थांबलो. नंतर म्हणालो, "काका, त्या दिवशी चुकलो." ते म्हणाले, "बस." त्यांनी एका तासात जे सांगितलं ते माझ्या चाळीस प्रश्नांत नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो हे मी विचारलं, तर ते म्हणाले, "लोकं ऑर्डर सांगताना मोबाईलवर बोलतात, त्याच्यात." माझ्या प्रश्नावलीत शिजवायचा वेळ होता, वाढायचा होता, बिलाचा होता. हा रकानाच नव्हता. आता आहे, आणि माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्याच्यावर उभं आहे.

आता तुमच्यासाठी, जे लवकरच सिनॉप्सिस लिहाल.

रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य घ्या आणि विचारा, हे कोणासाठी खरं होतं, कधी, आणि कोणासाठी नव्हतं. "नीट वागा, नीट मिळेल" हे खाणावळीत एका अर्थाने खरं होतं, वेगळ्या कपबशीच्या हॉटेलात अजिबात नव्हतं, फलाटावर सेकंदांत मोजण्याइतकं खरं आहे.

एकाच प्रकारच्या साधनावर विसंबू नका. गणिताने मला चार सेकंद दिले, पण ते सेकंद जातात कुठे ते काकांनी सांगितलं.

आणि फिल्डवर कोणाला माहिती मागताना लक्षात ठेवा, तुम्ही तिथे गिऱ्हाईकच असता. समोरच्याच्या कामाची वेळ, जेवणाची वेळ, थकवा हे सगळं आधी विचारा. मदत कशाला म्हणायचं ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मी अजूनही ताटं रचत नाही. बाजूला सरकवतो.